सहावा खळगा

बाबांच्या मेंदूभोवतालचं पाणी मी उन्हात धरून पाहिलेलं आहे. एरवी ते नितळ असतं, नळाच्या पाण्याहूनही नितळ. त्या दिवशी ते दह्यावरच्या निवळीसारखं पिवळसर होतं, आणि ती बारकी काचेची नळी माझ्या बोटांना कोमट लागत होती. कोमट कशाने, बाबांमुळे की उन्हामुळे, ते मला अजून सांगता येत नाही. त्या दिवसांतल्या पुष्कळ गोष्टी मला अशाच आठवतात, अर्धवट झोपेत कुणी शेजारी बसून सांगितल्यासारख्या. चूक मात्र लख्ख आठवते, कारण ती माझी होती.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि मी कल्याणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. लॅब म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर शिलाई मशीनची घरघर यायची आणि वर आम्ही लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासत बसायचो. आम्ही म्हणजे मी आणि सर. सर पासष्टीचे, मूळचे पुण्याचे, बोलणं शुद्ध आणि तिरकस. चष्मा कपाळावर चढवून ते उभ्यानेच मायक्रोस्कोपवर वाकायचे. बसलं की माणूस सुस्तावतो आणि त्याला हवं तेच बघतो, असं त्यांचं म्हणणं. मी बसून बघायचे.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या. शंभर पेशी बघायच्या आणि कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं, हे माझं रोजचं काम. मोठ्या लॅबमध्ये त्यासाठी बटणांचं मोजायचं यंत्र असतं. आमचं बिघडलेलं होतं आणि ते दुरुस्त करून आणायची सरांना काही घाई नव्हती. मी कागदावर रेघा मारायचे, पण रेघ मारायला मान वळवली की पेशी हरवायची. एकदा घरी जेवताना मी याची कुरकुर केली. आईने ताटावर बसून लघवी-थुंकीच्या गप्पा नकोत म्हणून दटावलं. बाबा नुसते भात कालवत राहिले.

बाबा शहाडच्या पुढे एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाची जी वस्तू ओतायची तिचा आधी हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो वाळूत दाबायचा आणि वाळूत उमटलेल्या पोकळीत लोखंड ओतायचं. तो लाकडी नमुना करणं हे बाबांचं काम. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मुळातच जरासा मोठा ठेवावा लागतो. याला ते सूट म्हणायचे. ही सूट त्यांच्या अंगात भिनली होती. लहानपणी माझ्या चपला, फ्रॉक, शाळेचा कोट, सगळं एक बोट मोठं असायचं, आणि नेमकं अंगाला येईपर्यंत फाटून जायचं.

दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "पेशी पाच जातींच्याच ना? नक्की?"

"पाचच."

"उद्या सहावी निघाली तर?"

"बाबा, पुस्तकात पाच आहेत." मी नुकतीच परीक्षा पास झाले होते. जगात मला माहीत नाही असं फारसं काही उरलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासमोर एक ट्रे ठेवला. हातभर लांबीची सागाची फळी. डावीकडे एक मोठा खोलगा, शंभर चिंचोके मावतील एवढा. त्याच्या शेजारी ओळीने पाच लहान खळगे, आतून पॉलिश पेपरने घासून बाळाच्या टाळूसारखे मऊ केलेले. उजवीकडे मात्र चार बोटं फळी कोरीच सोडलेली. ही का सोडली म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सूट."

तेव्हापासून माझा डोळा मायक्रोस्कोपला आणि हात ट्रेवर. एक पेशी दिसली की एक चिंचोका उचलायचा आणि तिच्या जातीच्या खळग्यात टाकायचा. मोठा खोलगा रिकामा झाला की शंभर पुरे. वर बघायचं कारण नाही, मनात आकडा धरायचं कारण नाही. खालची घरघर, चिंचोक्यांचा टक टक आवाज आणि भिंगाखालचा तो जांभळट, गुलाबी मुलूख. कधी कधी तासन्‌तास मी तिथेच असायचे, कल्याणात नसायचेच.

मग त्या वर्षीची संक्रांत आली आणि तिच्याबरोबर ठाण्याचं एक स्थळ. मुलगा बँकेत, माणसं चांगली. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की लग्नानंतर मुलीने हे रक्त-लघवीचं काम सोडावं. बाबा आईला म्हणाले, विचार करायला काय हरकत आहे. मी ते ऐकलं. राग माझ्या नाकावरच असतो, आणि तो मला कुणाकडून मिळाला हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटते. मग तो ट्रे कशाला करून दिलात?"

त्यांच्या हातात मला द्यायला तिळगुळाची वडी होती. मी वडी घेतली नाही. त्यांनी ती परत डब्यात ठेवली आणि झाकण लावलं. पुढचे चार दिवस आम्ही दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलत होतो.

पाचव्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला ते खाली वाकले आणि तसेच जमिनीवर बसले. "डोक्यात काहीतरी फुटलं," असं ते आईला म्हणाले, स्वयंपाकघरात बशी फुटल्याची वर्दी द्यावी इतक्या सरळ आवाजात. मग उलटी झाली. मग मान ताठली, आणि कल्याणच्या नर्सिंग होममध्ये पोचेपर्यंत ते हाकेला नुसतं हं हं करायला लागले.

तिथले डॉक्टर सरांच्या ओळखीचे. त्यांनी कमरेतून सुई घालून मेंदूभोवतालचं पाणी काढलं, कारण कमरेशी जे पाणी असतं तेच वर मेंदूभोवतीही असतं. ते तीन नळ्यांत एकामागून एक घेतलं. सुईनेच एखादी शीर दुखावली असेल तर पहिली नळी लाल होते आणि तिसरीपर्यंत निवळते. बाबांच्या तिन्ही नळ्या सारख्याच लाल होत्या. मेंदूवरची शीर फुटून रक्त आवरणात पसरलं होतं. डोक्याचे फोटो काढणारं मोठं यंत्र तेव्हा मुंबईलाच. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लांब गाडीच्या धक्क्यांनी शीर पुन्हा फुटली तर वाटेतच संपेल सगळं. त्यापेक्षा आडवं ठेवा, अंधार ठेवा, आवाज नको.

आईने खिडकीला आपली हिरवी नऊवारी बांधली. त्या खोलीत मग दिवसभर हिरवा उजेड असायचा, विहिरीच्या तळाशी असावा तसा, आणि त्यात बाबा निजलेले. संक्रांत ते रथसप्तमीचे दिवस असल्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण तिळगूळ घेऊन यायचा आणि पंचाईत होऊन तो उशाशी ठेवायचा. गोड बोला म्हणणार कुणाला? सगळे मदतीला म्हणून यायचे. एक जण पाय चेपायचा, दुसरी कपाळाला अंगारा लावायची, तिसरा डॉक्टर बदला म्हणायचा. खोली इतकी भरायची की सलाईनची बाटली बदलायला नर्सला जागा उरायची नाही. शेवटी काकांनी दारात खुर्ची टाकली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ठाण्यात खोपटला एसटी डेपोसमोर राहायचे. निम्मे ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचे, आणि स्वभाव असा की काही करता येत नसलं तर ते आजारी पडायचे. दारात बसून माणसं परतवायचं काम मिळालं तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं.

मी बाबांच्या पायाशी बसायचे. त्यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं आणि मी त्यांचा तिळगूळ घेतलेला नव्हता. ते गेले तर हे असंच राहणार होतं, कायमचं. एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती.

आजाराच्या पाचव्या दिवशी ताप चढला आणि उतरेना. मान आणखी ताठ झाली. डॉक्टरांनी सकाळी पुन्हा कमरेतून पाणी काढलं आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "पाण्यात जंतू झाले असतील तर मी इथे ठेवणार नाही. धोका पत्करून मुंबईला हलवावं लागेल. जंतू नसतील तर हलवणं म्हणजे मूर्खपणा. रिपोर्ट बघू आणि ठरवू." नळी माझ्याच लॅबमध्ये जाणार होती. मी ती रुमालात गुंडाळून स्वतः घेऊन गेले.

सर बाहेर गेले होते, दुपारी यायचे होते. मी थांबायला हवं होतं. पण या पाण्यातल्या पेशी फार वेळ टिकत नाहीत, विरघळायला लागतात, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. वीज गेलेली होती. हाताने फिरवायच्या यंत्रावर मी नळी फिरवली, तळाशी बसलेला गाळ काचेवर पसरला, रंगवला, आणि जुना, आरशाचा मायक्रोस्कोप खिडकीत नेऊन ठेवला. बारा वाजले असतील. आरसा थोडा फिरवला आणि ऊन खालून वर आलं, काचेतून, बाबांमधून, माझ्या डोळ्यात.

आता कबूल करायला हरकत नाही. मला जंतू हवे होते. जंतूंवर औषध असतं. सांडलेल्या रक्तावर औषध नसतं, तिथे नुसतं हिरव्या उजेडात बसून राहायचं असतं, आणि माझ्याच्याने ते होत नव्हतं.

पहिली पेशी दिसली ती जंतूंवर धावून जाणारी. नाजूक तुकड्यातुकड्यांचं केंद्र असलेली, पू होतो तेव्हा जी ढिगाने सापडते ती. टक. पुन्हा तीच. टक. चिंचोके भराभर पहिल्या खळग्यात पडायला लागले. मधेमधे काही मोठमोठ्या, फुगलेल्या, डागाळलेल्या पेशी लागत होत्या, त्यांच्या पोटात काहीबाही भरलेलं. त्या आल्या की मी पुढे सरकायचे. फुटक्या असतील, रंग नीट बसला नसेल. मोठा खोलगा रिकामा झाला तेव्हा पहिला खळगा शिगोशीग भरून चिंचोके फळीवर सांडले होते. जंतूंसाठीचा वेगळा रंग देऊन पाहिला, त्यात जंतू दिसले नाहीत. पण कधी कधी नाही दिसत, असं मी स्वतःला समजावलं. जंतू असले की या पाण्यातली साखर उतरते, ती तपासायची राहिली होती. मी खाली शिंप्याकडे गेले आणि त्याच्या फोनवरून नर्सिंग होमला फोन लावला. काका आले फोनवर. "इन्फेक्शन दिसतंय," मी म्हणाले. "चारपर्यंत गाडी आणतो," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क हुशारी आली होती. माझ्याही अंगातलं ओझं उतरल्यासारखं झालं.

सर अडीचला आले. नळीवरचं नाव वाचून माझ्याकडे बघितलं, चष्मा कपाळावर चढवला आणि उभ्यानेच वाकले.

"साखर किती आली?"

"अजून केली नाही, सर."

"जंतू?"

"दिसले नाहीत. पण इन्फेक्शन म्हणून कळवलंय मी."

"दिसले नाहीत, साखर पाहिली नाही आणि कळवून मोकळी झालीस." ते काच सावकाश सरकवत होते. मग त्यांनी विचारलं, "या मोठ्या पेशी कुठे टाकल्यास?"

"त्या फुटक्या आहेत, सर."

"फुटक्या? अगं, या पाण्यात सगळ्यात धडधाकट त्याच आहेत. कुठे टाकल्यास?"

मी ट्रेकडे पाहिलं. पाच खळगे. तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. "त्यांना खळगा नाहीये, सर," मी म्हणाले.

सर सरळ उभे राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज मऊच आला. "तुझ्या वडिलांनी पाच खळगे केले म्हणून त्यांच्या डोक्यात पाचच प्रकार असायला हवेत का? ये. पुन्हा मोज. आणि आता उभी राहून मोज."

मी पुन्हा सुरुवात केली. मोठ्या पेशींचे चिंचोके मी आधी ट्रेच्या कोऱ्या जागेवर ठेवायला लागले, पण ते सपाट लाकडावरून घसरून खाली पडायचे. मग डाव्या हाताच्या मुठीत धरले. सर शेजारी उभे राहून बोलत होते, वर्गात शिकवल्यासारखं नाही, स्वतःशीच बोलल्यासारखं. रक्त आपलंच असलं तरी शिरेबाहेर सांडलं की मेंदूला ते परकं. ते उचलायला या पेशी येतात. आधी येतात त्या तापट. जंतू असोत नसोत, आल्याबरोबर तुटून पडतात, आणि त्यांच्या धिंगाण्यानेच ताप चढतो, मान ताठते, कधी चांगलं असतं तेही जळतं. मागून या मोठ्या येतात. रक्ताच्या पेशी एकेक करून पोटात घालतात, पचवतात, आणि आधीच्या दमलेल्या तापट मंडळींनाही गिळून टाकतात. त्या आल्या म्हणजे आवराआवर सुरू झाली असं समजायचं. "पण हे सगळं त्या त्यांच्या वेळेने करतात," सर म्हणाले. "आपण त्यांना घाई करू शकत नाही."

नीट पाहिलं तर खरोखरच त्यांच्या पोटात लाल पेशी होत्या. एकीत दोन, एकीत चार. कुठे लाल पेशी विरघळून नुसते पिवळे-तपकिरी कण उरलेले. शंभर झाले तेव्हा माझी मूठ मिटेना.

साखर ठीक निघाली. सरांनी दुसऱ्या काचेवर लोहाचा रंग दिला. दोन द्रावणं आयत्या वेळी एकत्र करायची, ओतायची आणि थांबायचं. रक्तात लोखंड असतं, आणि या रंगात ते निळं दिसतं. आम्ही थांबलो. खाली शिलाई मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग मी वाकले आणि त्या मोठ्या पेशींच्या पोटात निळे ठिपके पाहिले, शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखे. बाबांनी उभा जन्म लोखंडासाठी लाकूड कोरण्यात घालवला होता. त्यांच्या आतलं लोखंड असं निळं असेल हे मला माहीत नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की मी क्षणभर बाकी सगळं विसरले, आणि त्याची मला नंतर बरेच दिवस लाज वाटली.

"जंतू नाहीत," सर म्हणाले. "मी असतो तर हलवलं नसतं. पण जाऊन सांगायचं तुला आहे."

रिक्षाने मी नर्सिंग होमला पोचले तेव्हा चारला दहा मिनिटं कमी होती. गाडी फाटकात उभी होती, मागची दोन्ही दारं उघडी, आत गादी घातलेली. काका स्ट्रेचर घेऊन जिन्यात होते.

"काका, थांबा. हलवायचं नाहीये."

"अगं, मघाशी तूच बोललेलीस ना, इन्फेक्शन आहे म्हणून? मी खोपटवरून गाडी काढून आणलीय. ड्रायव्हर सुट्टी टाकून आलाय."

"बोललेले. चुकलं माझं."

"चुकलं?" काकांनी स्ट्रेचर भिंतीला टेकवलं. "आणि आता हे चुकत नसेल कशावरून? दादाचा जीव आहे तो, तुझ्या परीक्षेचा पेपर नाही."

आई दारात येऊन उभी होती. ती कधी आवाज चढवायची नाही. "तुझी खात्री आहे?" एवढंच तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "पण आत्ता मी सगळं बघितलं. मघाशी मला हवं तेवढंच बघितलं होतं."

डॉक्टरांनी सरांना फोन केला. बोलणं संपल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली, नको. काका जिना उतरून गेले, आणि गाडीत मागे त्या गादीवर डोकं धरून बसून राहिले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते रडत होते. "काहीतरी करतोय असं वाटत होतं गं," ते म्हणाले. मी म्हटलं, मलाही.

त्यानंतरचे तीन दिवस मला घड्याळाप्रमाणे आठवत नाहीत. ताप तसाच होता. मी हिरव्या उजेडात बसून बाबांच्या कपाळाकडे बघायचे आणि त्याच्या आत चाललेलं काम मला दिसायचं. मोठाल्या, सुस्त, कनवाळू पेशी गाळातून फिरतायत, वाकतायत, एकेक लाल कण उचलतायत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी त्यांचा तिळगूळ नाकारला नव्हता. मी डोळे मिटले तरी त्या चालूच असायच्या. मध्येच भीती धडधडत वर यायची की त्यांनी उशीर केला तर, तापट मंडळींनी सगळंच जाळलं तर, आणि ते मी बाबांना जिथे अडवून ठेवलं त्या खोलीत घडलं तर. मग मी आईचा हात धरायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांचं कपाळ पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. गार होतं.

दुपारी त्यांनी डोळे उघडले. खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. "साडी," असं म्हणाले, आणि पुन्हा झोपले.

पुढे महिन्याभराने, जपून, मुंबईला नेऊन फोटो काढले. फुटायच्या बेतातली दुसरी शीर कुठे सापडली नाही. पण जे जळायचं ते जळलं होतं. उजव्या हाताची बोटं आज्ञा मानेनात, आणि शब्द हरवायला लागले होते. पाणी म्हणायचं असेल तर बाबा खिडकी म्हणायचे, मग स्वतःच मान हलवायचे, आणि खरा शब्द सापडेपर्यंत आम्ही थांबायचो. फाउंड्री सुटली. ठाण्याच्या मंडळींना आईने कधी नकार कळवला तेही मला समजलं नाही.

हे सगळं मी नंतर पुष्कळ वाचलं. मेंदूत स्वतःच्याच राखणदार पेशी असतात म्हणे, शांत काळात हात पसरून आजूबाजूला चाचपत उभ्या असतात, आणि रक्त सांडलं की सगळ्यात आधी त्याच वळतात. त्या कधी मोडतात, कधी जोडतात. मोडणाऱ्यांना आवरावं कसं आणि आवरणाऱ्यांना लवकर पाठवावं कसं, हे अजून कुणाला पुरतं कळलेलं नाही. सरांना यातलं निम्मंच ठाऊक होतं. पण थांबायचं कुठे, ते त्यांना माहीत होतं.

गणपतीच्या आधी एकदा बाबांनी मला जवळ बोलावलं. माझी चूक आईने त्यांना सांगितली होती हे मला माहीत नव्हतं. "तो... आण," ते म्हणाले, आणि हातांनी फळीची लांबी दाखवली. मी ट्रे घरी आणला. त्यांनी तो मांडीवर घेतला, कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला, आणि आईकडून हत्यारांची पेटी मागून घेतली. मग रोज सकाळी, चहानंतर, ते दारापाशी बसून डाव्या हाताने उजवा हात धरून गोल पटाशी चालवायचे. एका बैठकीत नखाएवढं लाकूड निघायचं. मदत केलेली खपायची नाही. पटाशी निसटली की तोंडातून निघणाऱ्या शिव्या मात्र अचूक असायच्या, त्यातला एकही शब्द हरवलेला नव्हता. त्या दिवसांत लॅबमध्ये मी पुन्हा कागदावर रेघा मारत होते आणि पेशी पुन्हा हरवत होत्या.

बारा-तेरा दिवस लागले. खळगा लंबगोल झाला, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ, काठावर पटाशी सुटल्याची लांब चीर. शेजारचे पाच खळगे त्याच माणसाने केलेत असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. बाबांनी त्यात फुंकर मारली आणि ट्रे माझ्या हातात दिला.

"सूट," ते म्हणाले. हा शब्द पहिल्या झटक्यात आला.

मग माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते. "लाज," ते म्हणाले, आणि थांबले. "नाही." मला वाटलं, नेहमीसारखा चुकीचा शब्द आलाय, खरा शोधतायत. मी थांबले. त्यांनी मान हलवली नाही. दुसरा शब्द आला नाही, कारण त्यांना हेच म्हणायचं होतं. मी तिथेच ट्रे छातीशी धरून रडले, आणि ते काठावरची ती चीर अंगठ्याने घासत बसले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी शंभर चिंचोके मोठ्या खोलग्यात ओतले आणि उभी राहून मोजायला लागले. कुणा बाईचं साधं रक्त होतं, नेहमीच्या पाच जातींचं. सहाव्या खळग्यात एकही चिंचोका पडला नाही. तरी रिपोर्टच्या खाली मी हाताने सहावी ओळ आखली आणि तिच्यापुढे शून्य लिहिलं.